सरलाबाई म्हणतात

सर : सर्वेक्षणाचे एकतीस अर्ज, एकतीस निरनिराळी हस्ताक्षरे, आणि चौदाव्या प्रश्नाला एकच उत्तर. चेतना, मी शांतपणे विचारतो आहे. हे अर्ज तू खोलीवर बसून भरलेस का?

चेतना : नाही, सर. देवाशपथ नाही.

सर : देवाला साक्षीला बोलावू नकोस, त्याची सही घेता येत नाही. अर्ज कुणाकडून भरून घेतलेस ते सांग.

चेतना : दोनशे बारा विद्यार्थ्यांकडून. वर्गावर्गात जाऊन. मुलांच्या वसतिगृहात माझ्या वर्गातल्या नथ्थूने वाटले, मुलींच्या वसतिगृहात मी. सर, हे आपण सुट्टीनंतर बोललो तर चालेल का? मला खोलीवर जायचंय. तमन्नाला बरं नाहीये.

सर : तमन्ना कोण?

चेतना : माझ्या खोलीत राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शहाद्याची. तीन दिवस ताप होता तिला. आज जरा उतरलाय. उद्या होळी, सगळ्या मुली गावी गेल्या. एकटीच आहे ती.

सर : ताप उतरला असेल तर ती दहा मिनिटे झोपेल. बस. चौदावा प्रश्न मोठ्याने वाच.

चेतना : ‘मागच्या वेळी प्रतिजैविक कुणाच्या सल्ल्याने घेतलेत? डॉक्टर, औषध दुकानदार, घरचे, मित्रमैत्रिणी, माहीत नाही, इतर. इतर असल्यास नाव लिहा.’

सर : मुलींच्या वसतिगृहातल्या एकतीस जणींनी ‘इतर’वर खूण केली आहे. आणि पुढे?

चेतना : सरलाबाई.

सर : सरलाबाई. पंधरावा प्रश्न : औषध केव्हा थांबवलेत? हा अर्ज बघ, पहिल्या वर्षाची मुलगी आहे. ‘ताप गेल्यावर. सरलाबाई म्हणतात, जास्त खाल्लं तर अंगात मुरतं.’ हा दुसरा. ‘सरलाबाई म्हणतात, तीन दिवस पुरे.’ आता मला सांग, या कॉलेजात सरलाबाई नावाची कोण व्यक्ती आहे?

चेतना : आता... आता कुणी नाही.

सर : आता नाही, हे मला तुझ्यापेक्षा बरे ठाऊक आहे. त्या आरोग्यकक्षात मदतनीस होत्या. त्यांच्या अंत्ययात्रेत मी चाललो आहे. त्याला बारा वर्षे झाली. ज्या मुलीने ‘सरलाबाई म्हणतात’ असे लिहिले, ती त्या वेळी सहा वर्षांची असेल आणि तिकडे काठी गावात आईच्या मागे फिरत असेल. तिला सरलाबाई केव्हा आणि काय म्हणाल्या?

चेतना : सर, तसं बोलायची पद्धत आहे आमच्याकडे.

सर : पद्धत. उत्तम शब्द आहे, त्याखाली काहीही मावते. आणखी एक गंमत बघ. याच एकतीस जणींपैकी सत्तावीस जणींनी पहिल्या भागात बरोबर लिहिले आहे की प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. आणि दुसऱ्या भागात त्यांपैकीच एकोणीस जणी सांगतात, सर्दी झाली म्हणून घेतली. परीक्षेला बसवले तर सगळ्या पहिल्या वर्गात येतील. मग अडते कुठे?

चेतना : माहीत असणं वेगळं, सर. रात्री अंग तापलं की पुस्तक कोण उघडतं?

सर : ते वाक्य प्रबंधात घाल. फक्त जरा नीटनेटके करून. आता इकडे ये. मंगळवारी तू वसतिगृहातून आठ नमुने आणलेस. या त्यांतून वाढवलेल्या जीवाणूंच्या प्लेटा. प्रत्येकीवर बारा औषधांच्या बारा चकत्या आहेत. मी सकाळी पाहिल्या आहेत, पण तू वाच. मला दुसरे डोळे हवे आहेत.

चेतना : पहिली. दाराची कडी. अं... सर, अकरा चकत्यांभोवती काहीच नाही. वाढ अगदी चकतीला टेकलीय. एकाच चकतीभोवती मोकळं वर्तुळ आहे. तेवढ्याच औषधाने मेलेत.

सर : कोणती चकती?

चेतना : सहावी. अमिकासिन.

सर : दुसरी प्लेट.

चेतना : बेसिनची जाळी. एकच वर्तुळ. सहावी.

सर : तिसरी.

चेतना : माठाचा ओगराळा. एकच. सहावी... सर, चौथीही तशीच आहे. पाचवीही. ही बघा, वाढीला लूप टेकवून उचलला तर चिकट तार सुटतेय, पाकाची सुटते तशी. मी नमुने आणताना एकात दुसरा मिसळला असेल का?

सर : सकाळी सव्वानऊला मीही तेच म्हणालो. पण नमुना न लावता शेजारी ठेवलेल्या प्लेटा कोऱ्याच आहेत. मिसळ नाही. पुढे जा. आठव्या प्लेटेवर काय लिहिले आहेस?

चेतना : ‘डबा’.

सर : कसला डबा? कडी समजते, बेसिन समजते, ओगराळाही समजतो. माझ्या यादीत डबा नव्हता.

चेतना : सर, सांगितलं तर रेक्टर मॅडमना कळवाल?

सर : काय सांगतेस त्यावर ते ठरेल.

चेतना : फरसाणचा पत्र्याचा डबा आहे. आमच्या खोलीत, कपाटाच्या वर. त्यात गोळ्या असतात. ज्या मुलीला बरं वाटलं तिने राहिलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या. निदान दोन तरी टाकायच्याच. पुढची आजारी पडली की तिला त्यातून द्यायच्या. धडगावच्या मुलीला डॉक्टरकडे जायला कुठे जमतं दर वेळी? दुसऱ्यासाठी दोन ठेवायच्या, एवढंच ते. सरलाबाईंनी सुरू केलेला डबा आहे. झाकणाच्या आत कागद चिकटवलाय. कशाला कोणती गोळी, किती दिवस.

सर : कागद कुणाच्या अक्षरात आहे?

चेतना : दर वर्षी नवा लिहितात. जुना फाटतो ना. जी डबा सांभाळते ती आधीच्या कागदावरून उतरवून घेते.

सर : बारा वर्षे, बारा नकला. आणि दोन गोळ्या मागे ठेवायच्या म्हणजे पूर्ण औषध कधीच कुणी घेतले नाही. म्हणजे जे जीवाणू पहिल्या तीन दिवसांत मरत नाहीत, तेवढेच निवडून, निगुतीने पाळले तुम्ही. यंदा डबा कोण सांभाळते?

चेतना : सरलाबाई.

सर : चेतना.

चेतना : तेच सांगतेय, सर. जिच्याकडे डबा असतो तिला वर्षभर सगळ्या सरलाबाईच म्हणतात. तिनेही ‘मी सांगते’ असं म्हणायचं नसतं. ‘सरलाबाई म्हणतात’ असंच म्हणायचं. मला माझ्या आधीच्या चंदनताईने डबा दिला तेव्हा तसंच शिकवलं. त्या एकतीस जणींनी खोटं नाही लिहिलं. त्यांनी माझंच नाव लिहिलंय.

सर : व्यवस्था चोख आहे. सल्ला देणारी जिवंत, नाव मेलेल्या बाईचे, आणि उत्तर द्यायला कुणीच नाही. चला, निदान अर्ज खरे आहेत.

चेतना : मी जाऊ, सर?

सर : एक मिनिट. ही शेवटची प्लेट वाच आणि जा.

चेतना : ही नववी आहे. मी आठच नमुने आणले होते.

सर : वाच.

चेतना : वर काहीच लिहिलेलं नाही... एकच वर्तुळ. सहावी चकती. तारही सुटतेय. सर, ही कुठली?

सर : ही सरलाबाईंची.

चेतना : सर, अशी थट्टा करू नका.

सर : मी थट्टा करतो अशी ख्याती असती तर बरे झाले असते. त्यांच्या शेवटच्या आजारात लघवीचा नमुना माझ्याकडे आला होता. त्यातला जीवाणू मी विभागाच्या संग्रहात ठेवला. दर तीन महिन्यांनी ताज्या खाद्यावर घ्यावा लागतो, नाहीतर मरतो. आज सकाळी तुझ्या आठ प्लेटा पाहिल्या आणि वर्तुळांचा हा नकाशा आधी पाहिला आहे असे वाटले. बारा वर्षांपूर्वीची वही काढली. आकडे मिळाले. म्हणून संग्रहातली ही प्लेट शेजारी ठेवली.

चेतना : मग... बारा वर्षं ते वसतिगृहातच आहे? बेसिनमध्ये, कडीवर, आमच्या हातांवर?

सर : ते सिद्ध झालेले नाही. औषधांचा नकाशा सारखा म्हणजे जीव तोच, असे होत नाही. जनुकांची तपासणी करावी लागेल. पुण्याला पाठवले तर तीन आठवडे. तोवर ‘साम्य आढळले’ एवढेच लिहिता येईल.

चेतना : आणि तेच असेल, तर जिवंत कुणी ठेवलं, सर? डब्याने, की तुम्ही?

सर : विभागाचे आणि वसतिगृहाचे सांडपाणी एकाच चेंबरमध्ये उतरते. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत. प्रश्न योग्य आहे. आवडला नाही, पण योग्य आहे.

चेतना : सरलाबाई कशाने गेल्या?

सर : याने. ताप, पाठीत कळ, लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून थंडी. रक्तात उतरले की वेळ राहत नाही.

चेतना : थंडी... कितव्या दिवशी?

सर : चौथ्या. का?

चेतना : तुम्ही औषध सांगितलं नाहीत? वर्तुळ तर होतं. हे सहावं.

सर : होते. शनिवारी संध्याकाळी मला ते दिसले होते. बारांपैकी अकरा निकामी! त्या काळी असा नकाशा मी पाहिला नव्हता. मला वाटले, माझ्याच हातून काही बिघडले असणार. असंभवनीय निष्कर्षावर विश्वास ठेवायचा नाही, प्रयोग पुन्हा करायचा, असे मला शिकवले होते आणि मीही तेच शिकवतो. मी पुन्हा लावला. दोन दिवसांनी हाच नकाशा आला. सोमवारी सकाळी रिपोर्ट घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात होतो, तेव्हा वरून त्यांना खाली आणत होते.

चेतना : सर...

सर : रीत बरोबर होती. अजूनही मी तिच्यात चूक काढू शकत नाही. म्हणूनच ते प्रकरण मिटत नाही. तू रडतेस का?

चेतना : तमन्नाचा ताप उतरलेला नाही. मी खोटं बोलले.

सर : किती आहे?

चेतना : सकाळी एकशे तीन होता. मग हुडहुडी भरली, दोन गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता. पाठ धरलीय, उजवी बाजू. लघवीला जळतं म्हणून तर बुधवारी माझ्याकडे आली होती. मीच दिल्या गोळ्या. काल बरं वाटतंय म्हणाली, म्हणून... म्हणून मी थांबवल्या. दोन परत डब्यात टाकल्या. दुपारी डोळा लागला तिचा. मला वाटलं, तुमच्याशी बोलून पटकन जाईन, कुणाला कळणार नाही.

सर : अर्धा तास तू इथे बसली आहेस.

चेतना : सर, मला भीती वाटत होती. वसतिगृहातून काढलं तर रनाळ्याहून रोज कोण पाठवणार मला? बाबा म्हणतील, शिक्षण पुरे.

सर : तो हिशोब नंतर. ऊठ. दार कोण वाजवते आहे?

दगूबाई : मी शे सर, दगूबाई. मेसवाली. तमन्नाना घरना फोन लागस नही, म्हनीसन तुमले इचारू म्हनं, तिना बापना दुसरा नंबर... अय्या माय! चेतना, तू आठे शे?

चेतना : हा मावशी. काब?

दगूबाई : तू आठे शे, मंग तठे खोलीमा कोन शे?

चेतना : कोन म्हंजे? तमन्ना शे. एकलीच शे.

दगूबाई : एकली कशी व्हई? आते दार लगून उनू मी. पोर बोली ऱ्हायनी. ‘सरलाबाई, हाथ मत छोडना’ म्हने. तुले तर बठ्ठ्या सरलाबाईच म्हनतस, म्हनीसन माले वाटनं तू शे तिना जोडे. मी आत गऊच नही.

सर : दगूबाई, थांबा. नीट आठवून सांगा. दुसरा आवाज ऐकलात का?

दगूबाई : दुसरा आवाज नही ऐका, सर. खोटं काब बोलू? पन ती बोले, मंग थांबे. मंग ‘जी’ म्हने. मंग परत थांबे. जशी समोरनी बाई काही सांगस आनि ही ऐकस.

सर : ताप एकशेचारच्या पुढे गेला की मेंदू असले खेळ करतो. माणूस दिसते, बोलते, हातही लागतो. पुस्तकात त्याला नाव आहे. मुलींकडून ती रोज हेच नाव ऐकते, म्हणून हेच नाव तोंडात आले. यात काही विशेष नाही.

दगूबाई : व्हई सर, तुम्ही शिकेल माणसं. पन ती इचारे, ‘बाई, आपकी उँगली पे नाखून क्यूँ नहीं है?’

चेतना : नख? कसलं नख?

दगूबाई : बाईना डावा हातनं बोट. सुया उकाडाना भांडानी वाफ लागनी व्हती, नख परत उनंच नही. तू कथी देखस? तू तवय रनाळाले पाटी-पेन्सिल लिसन फिरे.

चेतना : सर, मी नव्या मुलींना सरलाबाईंच्या सगळ्या गोष्टी सांगते. ही मलाच माहीत नव्हती. तमन्नाला कुणी सांगितली?

सर : नखाचे मला माहीत नाही.

चेतना : म्हणजे?

सर : म्हणजे माहीत नाही. नख नव्हते, हे खरे आहे. नमुन्याची बाटली त्यांनी त्याच हाताने माझ्याकडे दिली होती. बाकीचे मला माहीत नाही, आणि आता ते शोधण्याची वेळ नाही. दगूबाई, फाटकाबाहेर रिक्षा दिसली तर थांबवा. आणि एक सांगा. सरलाबाई मुलींना गोळ्या किती दिवस देत होत्या?

दगूबाई : कोनत्या गोळ्या? डबामा तर साधी तापनी गोळी आनि मलमपट्टी ऱ्हाये. मोठी गोळी डाक्टरनी लिखी दिधी तरच. मंग बाई सोता समोर उभी ऱ्हाईसन पुरी पाच दिन खावाडे. एक बी ठेवू दे नही. एक पोरनी दोन गोळ्या खिडकीमाईन फेकी दिध्या व्हत्या, बाईनी तिले आंगनमा धुंडाले लावं.

चेतना : पाच दिवस? समोर उभं राहून? कागदावर तर... मावशी, कागदावर तीन लिहिलंय. चंदनताईच्या कागदावरही तीनच होतं. आणि दोन ठेवायच्या...

सर : साध्या गोळ्या ठेवायच्या असतील. नकलेत चूक होते, चेतना. आणि ज्या चुका सोयीच्या असतात त्याच टिकतात. जीवाणूंतही हेच होते, कागदावरही हेच झाले. दगूबाई, निघा.

दगूबाई : निंघनू सर.

सर : आता बोलू नकोस, मला फोन करू दे. हॅलो, डॉक्टर चौधरी? मायक्रोबायॉलॉजीचा मुबीन पिंजारी बोलतो आहे. वीस वर्षांची मुलगी पाठवतो आहे. चौथा दिवस, हुडहुडी, उजव्या बाजूला पाठीत कळ, आता भ्रम. लघवी आणि रक्त, दोन्ही नमुने आधी घ्या, आणि रिपोर्टची वाट न पाहता अमिकासिन सुरू करा... नाही, तिचा नमुना मी तपासलेला नाही. तिच्या बेसिनचा तपासला आहे... हो, बेसिनचा. बाकी अकरा औषधे तिथे निकामी आहेत... डॉक्टर, पुरावा अपुरा आहे. मी स्वतः हा पुरावा कुणाचा मान्य केला नसता. मूत्रपिंड तुम्ही बघा, मात्रा तुम्ही ठरवा, पण दोन दिवस थांबू नका. मी एकदा थांबलो आहे... हो. माझ्या नावावर लिहा.

चेतना : सर, मी जाते तिच्याकडे.

सर : आधी दोन मिनिटे हा कागद घे. तिने काय घेतले ते क्रमाने लिही. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

चेतना : बुधवारी संध्याकाळी सेफिक्झिम, एक. गुरुवारी सकाळी एक. मग ते पाकीट संपलं, म्हणून सिप्रो दिली. रात्री परत सिप्रो. शुक्रवारी सकाळी...

सर : शुक्रवारी?

चेतना : पाकीट अर्धं फाटलेलं होतं. नाव नव्हतं. पांढरी, लांबट. कागदावर ‘जळजळ – पांढरी लांब’ एवढंच लिहिलंय.

सर : तसेच लिही. ‘नाव माहीत नाही’ असेही लिही. आणि शेवटी, गोळ्या कुणी दिल्या त्याचे नाव.

चेतना : कुणाचं नाव लिहू, सर?

सर : ते मी सांगणार नाही.

चेतना : ...चेतना. चेतना पाटील, राहणार रनाळे. फोन नंबरही लिहिलाय.

सर : ठीक. खिशात ठेव आणि पळ. मला आत येता येणार नाही, मी फाटकाशी रिक्षेत बसतो. फोन चालू ठेव, कापू नकोस.

(मुलींचे वसतिगृह, दुपारचे तीन. सर फाटकाबाहेर रिक्षेत. चेतना आणि दगूबाई आत, सात नंबरच्या खोलीत. फोन चालू.)

सर : पोहोचलात?

चेतना : हो. सर, आंग नुसतं भट्टी झालंय. डोळे उघडे आहेत, पण माझ्याकडे बघत नाहीये.

सर : श्वास?

चेतना : भरभर चाललाय. सर, खुर्ची...

सर : खुर्चीचे काय?

चेतना : मी गेले तेव्हा टेबलाखाली होती. आता पलंगाला लागून आहे.

सर : तिने ओढली असेल. खुर्ची बाजूला कर, दोघी मिळून तिला उठवा.

चेतना : तमन्ना, ऊठ गं. सर आले आहेत, रिक्षा उभी आहे... नाही म्हणतेय, सर. म्हणतेय, बाईंनी हात धरलाय. डावा हात तिने खुर्चीच्या बाजूला असा पुढे केलाय आणि मूठ वळलीय. मावशी, तू धर ना तिकडून.

दगूबाई : धरेल शे, माय. दगडना गत व्हयेल शे हात. मन्ही पोळ्या लाटेल आंगमा ताकद शे, पन हालस नही. सर, मी सांगस, हाई तापनं नही.

सर : तापात स्नायू ताठतात. तिला सांगा की हा ताप आहे.

चेतना : सांगितलं. ती ‘जी’ म्हणतेय, पण मला नाही. खुर्चीकडे बघून म्हणतेय. सर, वेळ जातोय. ओठ निळे पडलेत तिचे. सर, तुम्ही बोला ना काहीतरी!

सर : तिची मूठ अजून खुर्चीकडेच आहे?

चेतना : हो, तिकडेच.

सर : फोनचा आवाज मोठा कर.

चेतना : केला. तिच्या कानाशी धरू?

सर : नाही. खुर्चीकडे धर.

चेतना : खुर्चीवर तर कुणी...

सर : मला माहीत आहे. धर.

चेतना : धरलाय, सर.

सर : सरलाबाई, मी मुबीन. पिंजारी. लॅबमधला. तुमचा रिपोर्ट घेऊन आलो आहे. सहाव्या औषधाने उतरेल. तेव्हा मला दोन दिवस उशीर झाला, आज केलेला नाही. मुलगी आमच्याकडे द्या. पुरे दिवस औषध देऊ, समोर उभे राहून.

दगूबाई : अय्या माय... हे भगवान...

सर : चेतना? चेतना, काय झाले?

चेतना : हात सुटना, सर. पोर उठी बसनी.